परतीचं तिकीट



घरातलं माणूस कामासाठी परमुलखात निघालं, की आपण त्याच्या हातावर दही ठेवतो, शिदोरी बांधतो, फाट्यापर्यंत पोचवायला जातो. जाणाऱ्याचं सगळं रीतीप्रमाणे होतं. परत येणाऱ्याची मात्र रीत ठरलेली नाही. पैसे घेऊन आला तर अंगणात माणसं जमतात. हात हलवत आला तर "का गं, का आला असेल?" अशी कुजबुज सुरू होते. आणि बाई परत आली असेल, तर कुजबुज कुठल्या वळणाने जाते ते मी सांगायला नको.

आज मी परत येणाऱ्यांचा इतिहास सांगणार आहे. हल्ली जगात एक योजना चालते. परदेशात अडकलेल्या, कागदपत्रं नसलेल्या, आसरा नाकारलेल्या माणसाला तिथलं सरकार म्हणतं, "स्वखुशीने घरी जा. तिकीट आम्ही काढतो, आणि घरी गेल्यावर काही कामधंदा सुरू करायला थोडी मदत करतो." कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे: साहाय्यित स्वेच्छा परती आणि पुनर्वसन. जर्मनीने १९७९ साली ती सुरू केली, आणि आता आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना अनेक देशांत ती राबवते. वाचणाऱ्याला वाटावं की ही कल्पना परदेशी साहेबांना नव्याने सुचली. पण आपल्या देशातली माणसं तिच्यातून शंभर वर्षांपूर्वीच गेली आहेत. चटके खाऊन गेली आहेत.

इंग्रजांच्या राज्यात गुलामी बंद झाली १८३४ साली. उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. मग हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली. इंग्रजीतल्या करार या शब्दाचं मजुरांच्या तोंडी झालं 'गिरमिट', आणि करारावर गेलेला तो गिरमिटिया. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचं भोक पाडायचं हत्यार. शब्द वेगळा, पण काम फारसं वेगळं नव्हतं. सुरुवातीला मॉरिशस बेटावर माणसं गेली, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. ते तिथेच का राहिले, याच्या कारणांत एक कारण तिकिटाचं आहे. आरंभी करारात परतीचा प्रवास फुकट होता. पुढे १८५० नंतर लवकरच मॉरिशसच्या मळेवाल्यांनी ती अट काढून टाकवली. ज्याला स्वतःच्या पैशाने जाणं जमलं तो गेला. सुमारे साडेचार लाख माणसं त्या बेटावर उतरली होती, त्यातली साधारण तिसरा हिस्सा परतली.

मला जास्त सांगायचं आहे ते नाताळबद्दल. हे दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रांताचं नाव. वास्को द गामा १४९७ साली नाताळच्या दिवसांत त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून ते पडलं. १६ नोव्हेंबर १८६० या दिवशी 'ट्रुरो' नावाचं जहाज मद्रासहून माणसं घेऊन तिथल्या डर्बन बंदरात लागलं. त्यानंतर १९११ पर्यंत दीड लाखावर माणसं तिथे गेली. बहुतेक तमिळ आणि तेलुगू मुलखातली, काही बिहार आणि उत्तरेकडची. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवल्याच पाहिजेत असा नियम होता. मजुरी पहिल्या वर्षी महिन्याला १० शिलिंग, दर वर्षी एक शिलिंग वाढ, पाचव्या वर्षी १४. शिवाय शिधा आणि राहायला खोपटं. बाईला निम्मं. करार पाच वर्षांचा. एकूण दहा वर्षं त्या वसाहतीत काढली, की घरी जायचं तिकीट फुकट.

दहा वर्षं भरल्यावर १८७१ साली पहिली जहाजं मद्रासला परत आली. या परतलेल्यांची गोष्ट मला फार मोलाची वाटते. ही माणसं गुपचूप गावी गेली नाहीत. मद्रासच्या अधिकाऱ्यापुढे उभं राहून त्यांनी सांगितलं की मजुरी कापली जाते, मारहाण होते, आजारी पडलं तर पैसे तोडतात. त्यांच्या तक्रारीमुळे हिंदुस्थान सरकारने नाताळला नवे मजूर पाठवायला नकार दिला. नाताळच्या सरकारला १८७२ साली चौकशी आयोग नेमावा लागला, आणि काही सुधारणा कबूल केल्यावरच १८७४ साली जहाजं पुन्हा सुटली. परत आलेली माणसं हरलेली असतात असं आपण धरून चालतो. पण तिथलं खरं कळायचं तर परत आलेल्याकडूनच कळणार.

पुढे मळ्यातून सुटलेली माणसं तिथेच जमिनी कसू लागली. भाजीपाला पिकवून विकू लागली, फेरीचा धंदा करू लागली. गोऱ्यांच्या डोळ्यांत हे खुपलं. त्यांना मजूर हवे होते, शेजारी नको होते. म्हणून १८९५ साली कायदा आला. करार संपल्यावर तीन वाटा: पुन्हा करार करा, हिंदुस्थानात परत जा, नाहीतर माणशी दर वर्षी ३ पौंड कर भरा. आपण गटात हिशेब करतो तसा हा करून बघा. एका पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे कर झाला ६० शिलिंग. गिरमिटातल्या पहिल्या वर्षाच्या मजुरीने सहा महिन्यांची कमाई. काही वर्षांनी सोळा वर्षांवरच्या मुलांना आणि तेरा वर्षांवरच्या मुलींनाही हा कर लागू झाला. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी अशा घराला वर्षाला १२ पौंड. पाचव्या वर्षाच्या चढ्या मजुरीनेसुद्धा एका माणसाची सतरा महिन्यांची कमाई त्यात गेली. तिकीट फुकट होतं, थांबणं महाग होतं. अशा वेळी बोटीत चढलेल्या माणसाला स्वखुशीने गेलेला म्हणायचं का? सरकारी दप्तरात तसंच म्हटलं गेलं.

इथे आपल्याकडचा एक माणूस आठवावा लागतो. गोपाळ कृष्ण गोखले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे. त्यांनी १९१० साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात ठराव आणला, की नाताळला करारावर मजूर पाठवणं बंद करावं. तो मंजूर झाला आणि १९११ साली नाताळची भरती थांबली. पुढच्या वर्षी ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले, ३ पौंडांच्या कराबद्दल तिथल्या मंत्र्यांना भेटले. कर उठेल असा शब्द मिळाल्याचं त्यांनी सांगितलं. तिथलं सरकार म्हणालं, आम्ही तसा शब्द दिलाच नव्हता. मग १९१३ चा लढा पेटला. त्याच वर्षी कोर्टाच्या एका निकालाने आपल्याकडच्या पद्धतीने झालेली लग्नं तिथे बेकायदा ठरली होती, म्हणजे हजारो बायका एका दिवसात 'बायको' राहिल्या नाहीत. त्यामुळे बायका उतरल्या. कस्तुरबा तुरुंगात गेल्या. तमिळ बायका कोळशाच्या खाणींवर जाऊन मजुरांना सांगू लागल्या की कर उठेपर्यंत काम बंद ठेवा, आणि खाणी बंद पडल्या.

१९१४ साली कर उठला, लग्नं मान्य झाली. हा विजय आपण शाळेत शिकतो. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, त्याचं नाव कोणी घेत नाही. ज्याला हिंदुस्थानात परत जायचं असेल त्याला सरकार फुकट तिकीट देईल; बदल्यात त्याने तिथे राहण्याचा हक्क कायमचा सोडायचा. आणि नवऱ्याने अंगठा केला, की बायकोचा आणि अज्ञान मुलांचा हक्कही त्याच कागदावर सुटायचा. मैत्रिणींनो, घराच्या सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. ती तिथे जन्मली असली, तिची आई तिथल्या मातीत गेली असली, तरी अंगठा नवऱ्याचाच.

पुढे १९२१ पासून जाणाऱ्याला तिकिटाबरोबर थोडी रोकड मिळू लागली. आणि १९२७ साली केपटाऊनला हिंदुस्थान आणि दक्षिण आफ्रिका या दोन सरकारांत करार झाला. रक्कम वाढली: मोठ्या माणसाला २० पौंड, सोळा वर्षांखालच्या मुलाला १०. त्या वेळच्या भावाने २० पौंड म्हणजे साधारण २६६ रुपये. दोन मुलांचं घर असेल तर ८०० रुपये. त्या काळी एवढी रक्कम खेड्यातल्या मजुराने एका जागी कधी पाहिलेली नसायची. तिथे परत जायचंच असेल तर तीन वर्षांच्या आत जायचं, आणि घेतलेली रक्कम, बोटभाडं सगळं फेडून जायचं. योजनेचं नाव मोठं चतुर होतं. 'परत पाठवणी' हा शब्द टाळून तिला म्हटलं गेलं 'मदतीचं स्थलांतर'. कारण आता जाणाऱ्यांत तिथेच जन्मलेले पुष्कळ होते. जो कधी आलाच नाही त्याला परत कसं पाठवणार?

या करारात हिंदुस्थान सरकारनेही जबाबदारी लिहून दिली होती. परत आलेल्याला बंदरावर भेटायचं, त्याचे पैसे उधळले जाऊ नयेत म्हणून सल्ला द्यायचा, जमेल तसं कामाला लावून द्यायचं. आज ज्याला पुनर्वसन म्हणतात त्याचा हा बराच जुना लेखी पुरावा. "पैसे उधळतील" हे वाक्य मला खटकतं. गरिबाच्या हातात रक्कम आली, की साहेबाला आधी हीच काळजी. पण बंदरावर भामटे टपलेले असायचे हेही खोटं नाही. मद्रासला एक खास अधिकारी नेमला होता. तो बोटीवर येणाऱ्यांना गाठायचा, पैसे द्यायचा, बचत खात्यात ठेवा म्हणून सांगायचा, गावचं रेल्वेचं तिकीट हातात द्यायचा. पण एकदा गाडी सुटली, की त्याची नजर गावापर्यंत पोचत नव्हती.

आणि खरं प्रकरण गावातच सुरू व्हायचं. समुद्र ओलांडला म्हणून जात बाटलेली. परत पंगतीत बसायचं तर प्रायश्चित्त घ्या, जातभाईंना जेवण घाला. रक्कम तिथेच निम्मी व्हायची. परदेशात लग्नं जुळताना जात पाहायची सोय नव्हती. चाळीस बायका आणि शंभर पुरुष असताना कसली जात? तिथे जुळलेल्या जोड्यांना इथे विहिरीवर उभं करायलाही कोणी तयार नसायचं. मुलांना सोयरीक मिळायची नाही. विचार करा त्या सुनेचा: जन्म नाताळचा, मक्याच्या पिठावर वाढलेली, सासरची भाषा तोडकीमोडकी. जिला तिने कधी पाहिलं नाही ती सासू म्हणणार, ही कुठल्या जातीची? तिचं माहेर समुद्रापलीकडे, आणि तिकडची वाट नवऱ्याच्या अंगठ्याने बंद झालेली. पैसे संपल्यावर पुष्कळ जण पुन्हा मद्रास शहरात आले. काही तर मलायाच्या रबराच्या मळ्यांकडे निघाले. म्हणजे परत मजुरीला, परत परमुलखात.

नाताळपुरतीच ही गोष्ट नव्हती. फिजी, त्रिनिदाद, गयाना या ठिकाणांहून कलकत्त्याला परतलेल्यांचंही हेच झालं. गावी गेले, गावाने लुटलं किंवा बाहेर काढलं, आणि ते पुन्हा कलकत्त्यात हुगळी नदीकाठच्या मटियाबुर्ज वस्तीत येऊन पडले. बंदराजवळ, म्हणजे परत नेणारी बोट मिळाली तर चढता येईल या आशेवर. १९२० नंतरची कित्येक वर्षं तिथे अशी हजारो माणसं तापाने आणि उपासमारीने गांजत राहिली. काहींना वसाहतींनी मजूर हवेत म्हणून परत नेलंही. 'घरी जायचंय' म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं दिवस मोजले, ते आता मळ्यात परत घ्या म्हणून अर्ज करत होते.

या सगळ्याचा छडा लावला भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी या दोघांनी. भवानी दयाल स्वतः जोहान्सबर्गला जन्मलेले, गिरमिटियाचे चिरंजीव. त्यांनी परतलेल्यांच्या हालांची चौकशी करून १९३१ साली अहवाल छापला. तिथे जन्मलेल्यांना इकडे पाठवू नका, ही योजना त्यांना देशोधडीला लावते, असा त्याचा रोख होता. तोवर बोटीत चढणारेही कमी होत चालले होते, कारण गेलेल्यांची पत्रं मागे पोचत होती. १९३२ साली दोन्ही सरकारांनीच जाहीर केलं, की या योजनेतून आणखी माणसं जाण्यासारखी उरलेली नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांपैकी शेकडा ८० आता तिथेच जन्मलेले आहेत. हे त्या लोकांना आधीच ठाऊक होतं. सरकारला कळायला पाच वर्षं लागली.

परतीची मदत मिळूनही ही गत. आणि काहीच न मिळता परत येणं आपल्या घरांना ठाऊक आहेच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. कोकणातले, साताऱ्या-सांगलीकडचे, पुण्याच्या डोंगराळ भागातले कितीतरी जण गावी आले ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. त्यांना ना तिकीट मिळालं ना रक्कम. मनीऑर्डरवर चाललेलं घर एका महिन्यात बाईच्या अंगावर आलं. तिने मजुरी केली, शेरडं पाळली, आणि रिकाम्या हाताने आलेल्या नवऱ्याचा मानही सांभाळला. या बायकांच्या कामाला कोणत्याही योजनेत पुनर्वसन म्हटलेलं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपने बाहेरचे मजूर बोलावले आणि मंदी आल्यावर तोच जुना उपाय काढला. फ्रान्सने १९७७ साली परत जाणाऱ्याला १०,००० फ्रँक देऊ केले. जर्मनीने १९८३ च्या कायद्याने १०,५०० मार्क आणि मुलामागे १,५०० वर, बहुतेक तुर्की कामगारांसाठी. २० पौंड आणि १० पौंड आठवतात ना? हल्लीच्या योजनांत फरक पडला आहे, नाही असं नाही. निघण्याआधी माणसाशी बोलतात, घरी पोचल्यावरही काही महिने संपर्क ठेवतात. बऱ्याच ठिकाणी रोकड न देता शेळ्या, शिलाई यंत्र, दुकानाचा माल असं घेऊन देतात. पण स्वखुशीचा प्रश्न सुटलेला नाही. आफ्रिकेतल्या गांबिया देशाची माणसं लिबियातून अशीच 'स्वेच्छेने' परत आली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२२ साली त्यांच्याशी बोलून अहवाल काढला. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, की कोठडी आणि मारहाण यातून सुटायला दुसरी वाटच नव्हती, म्हणून सही केली.

आपल्या देशात परतलेल्यांसाठी सर्वांत जास्त केलंय ते केरळने, कारण आखातात गेलेली माणसं तिथे पुष्कळ घरांत आहेत. तिथल्या योजनेत परत आलेल्याला ३० लाखांपर्यंतच्या धंद्यासाठी कर्ज, त्यावर शेकडा १५ पर्यंत भांडवली सवलत आणि व्याजात सूट मिळते. योजना चांगली आहे. अट एकच, किमान दोन वर्षं परदेशात काम केलेलं हवं. आता घरकामाला गेलेली बाई, जिचा पासपोर्ट मालकाने काढून घेतला आणि जी सहा महिन्यांत तिथून निसटून दूतावासात पोचली, ती या दोन वर्षांत बसत नाही. सर्वांत रिकाम्या हाताने तीच येते.

आणि आपल्या गटांचे नियम? ऊसतोडीला, वीटभट्टीला, मुंबईला घरकामाला गेलेली सभासद सहा महिन्यांनी परत येते, तेव्हा तिचे हप्ते थकलेले असतात. काही गट दंड लावतात, काही नाव कमी करून टाकतात, तर काही गट तिचा हप्ता थांबवून ठेवतात आणि आल्यावर पुढे चालू करतात. तुमचा गट काय करतो आणि तसं का ठरवलं, ते आम्हाला पत्राने कळवा. तुमच्यात कोणी परतून आलेली असेल आणि तिची बोलायची तयारी असेल, तर तिलाही लिहायला सांगा. नाव नको असेल तर आम्ही घेणार नाही. आलेल्या पत्रांतली काही पुढच्या महिन्यात रेडिओवर वाचू.